विहीणबाईंची मुलाखत

सोमवार, ३ मार्च

सूनबाईचा अर्ज आज दुसऱ्यांदा परत आला. कोपऱ्यात तोच निळा शिक्का, ‘बंदी भेटीस इच्छुक नाही’. बंदी म्हणजे तिची आई, माझी विहीण. दीड वर्षाची शिक्षा झाली त्याला तीन महिने होत आले, आणि बाईंनी पोटच्या पोरीला एकदाही तोंड दाखवलेलं नाही. इकडे पोरीला सातवा लागलाय. तिने कागदाची घडी केली, फ्रीजवरच्या डब्याखाली सरकवली आणि भांडी घासायला लागली. घासून ठेवलेलीच भांडी.

मी म्हटलं, “मी जाते.”

चिरंजिवांनी पेपरातून डोकं वर काढलं. “तू? आई, तुझं आणि त्यांचं एका वाक्यावर तरी कधी पटलंय का?”

“पटायचं कशाला? मला त्यांच्याशी संसार थाटायचाय का? एक ‘हो’ आणायचंय, तेवढं आणते.”

सूनबाईने नळ बंद केला. डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, एप्रिल संपला की प्रवास बंद. तुरुंग बसने तीन तासांवर. म्हणजे माझ्या हातात आठ आठवडे आहेत. आठ आठवड्यांत मी भूगोलाचं अख्खं पुस्तक नकाशांसकट बिनचूक करून दिलेलं आहे, तेव्हा हेही होईल.

दैनंदिनी लिहायची मला सवय नाही, पण कामाची नोंद हवी, म्हणून ही कोरी वही काढली. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितशोधक होते. शाळेची पुस्तकं, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या खोक्यातले बारीक अक्षरांचे कागद, एक जाडजूड शब्दकोश. माझ्या हातून चूक सुटलीच नाही असं मी म्हणणार नाही. सुटलेल्या चुका मला पाठ आहेत. चार आहेत.

विहीणबाई लिफ्ट तपासनीस. बावीस वर्षं लोकांच्या गच्च्यांवर चढून लिफ्टचे दोर आणि ब्रेक बघत आल्या. एकदा नाही चढल्या. खालीच उभ्या राहून प्रमाणपत्रावर सही केली आणि निघून गेल्या. सहा आठवड्यांनी ती लिफ्ट तिसऱ्या मजल्यावरून सुटली. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्यांचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात सगळे विहीणबाईंना घेरून म्हणत होते, तुमची काही चूक नाही, मालकानेच दुरुस्ती केली नव्हती, तुम्ही बळीचा बकरा झालात. माझ्याच्याने राहवेना. मी म्हटलं, “चूक तुमचीच आहे, विहीणबाई. न बघता सही करायची नसते.” त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग पोलीसबाई त्यांना घेऊन गेली. रागावल्या असणारच. सूनबाई तेव्हापासून माझ्याशी मोजकंच बोलते. मी खरं तेच बोलले, त्याचा मला पश्चात्ताप नाही.

बुधवार, ५ मार्च

अर्ज भरला. छापील अर्जात सात चुका आहेत, त्यातल्या दोन तर शीर्षकातच. दुसऱ्या पानावर ‘भेटीचे प्रयोजन’ असा रकाना आहे, त्यात मी अकरा ओळींचा मजकूर लिहिला. मोजका, ठाम, कुठेही गयावया नाही. चिरंजीव वाचून म्हणाले, “आई, हा अर्ज आहे, अग्रलेख नाही.” त्यांना काय कळतंय.

शेवटचा रकाना नात्याचा. तो भरत होते तेवढ्यात आतून सूनबाईची हाक आली, “अहो आई, लवकर या! हात ठेवून बघा!” तीन महिन्यांत तिने मला अशी हाक मारली नव्हती. मी रकाना पुरा केला, खाली सही ठोकली आणि धावले. पोटावर हात ठेवला तर आतून चांगली दणदणीत लाथ. बाळ आईच्या आईवर जाणार, ती बाईसुद्धा कुणाला स्वस्थ बसू देत नाही.

कामावर जाताना चिरंजिवांनी पाकीट चिकटवून पेटीत टाकलं.

शनिवार, १५ मार्च

मंजूर! गुरुवार २७ तारीख, सकाळी अकरा, वीस मिनिटं. पोरीला दोनदा नकार आणि मला पहिल्या झटक्यात होकार. अकरा ओळींचा परिणाम. भाषा नीट असली की दारं उघडतात हे मी छापखान्यातल्या पोरांना घसा फोडून सांगत असे.

पासावर मथळा ‘मुलाखत परवाना’. तुरुंगाच्या भाषेत भेटीला मुलाखत म्हणतात. चिरंजीव म्हणाले, “आई, मुलाखत चांगली दे, नाहीतर ठेवून घेतील.”

पण माझा डोळा दुसरीकडेच अडकला होता. पासावर ‘नाते’ या शब्दापुढे लिहिलंय ‘बहीण’. मी लिहिलं होतं विहीण. कुणा कारकुनाने चष्मा न लावता वाचलं असणार. व ला ब केलं, वेलांटी गिळून टाकली.

मी म्हटलं, “फोन करून सांगायला हवं.”

“अजिबात नाही,” चिरंजीव म्हणाले. “मागे बघ काय लिहिलंय. आईवडील, नवरा-बायको, मुलं, भावंडं. विहीण कुठेच नाही. बहीण म्हणून जातेयस, गुपचूप जा.”

“पण ते चूक आहे.”

“अहो आई,” सूनबाई म्हणाली, “प्लीज.”

ठीक आहे. तिच्यासाठी गप्प बसते. पास कपाटात ठेवलाय, आणि दर वेळी कपाट उघडलं की तो ब मला दिसतो.

मंगळवार, १८ मार्च

तयारी. सोबत आलेल्या नियमांच्या कागदावरून बघितलं तर अंगावर धातू चालत नाही, कागद चालत नाही, पेन चालत नाही. म्हणजे मुद्दे पाठ करायला हवेत. केसांना पिना लावता येणार नाहीत म्हणून आज नुसत्या रबराने बांधून बघितले. बांधले जातात. बुटांना खिळे आहेत का ते बघायला चांभाराकडे गेले, तो म्हणाला आहेत. कापडी घेतले.

आत तीन वस्तू देता येतात. साबण, पुठ्ठा नसलेलं एक पुस्तक, मोज्यांचे दोन जोड. साबण आणि पुस्तक लगेच झालं. मोज्यांसाठी चार दुकानं हिंडले. विहीणबाईंचे पाय बारा महिने गार असतात. लग्नाच्या वेळी आम्ही दोघी चार दिवस एका खोलीत होतो, तेव्हा कळलं होतं. जाड हवेत, पण टोचणारे नकोत, आणि बदामी रंग तर त्यांना बघवत नाही. शेवटी गडद हिरवे मिळाले. काम करायचं तर नीट करावं, इतकंच.

रविवार, २३ मार्च

सात मुद्दे ठरवलेत. एक, बाळाची तब्येत. दोन, प्रवासाची मुदत. तीन, मुलीचा हक्क. असे चढत चढत सातवा, तिला तुम्ही हव्या आहात. आज रंगीत तालीम घेतली. चिरंजीव स्टुलावर विहीणबाई होऊन बसले आणि मध्ये जाळी हवी म्हणून पिठाची चाळणी तोंडापुढे धरली. “विहीणबाई,” ते चाळणीतून म्हणाले, “तुम्ही वेलांटी चुकीची उच्चारलीत.” अगदी हुबेहूब तोच स्वर. सूनबाई इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं आणि मग आतल्या खोलीत जाऊन दार लावून बसली. या दिवसांत होतं असं.

एक बरं आहे, रविवार हल्ली शांत जातात. पूर्वी दर रविवारी दहाच्या ठोक्याला विहीणबाईंचा फोन यायचा. आजच्या कोड्यातलं उभं सहा काय हो? मी सांगायचे. त्यावर त्या ठासून सांगायच्या की ते चूक आहे, आणि पुढचा पाऊण तास वाद. कान दुखायचा माझा. आता कोडं मी एकटीच सोडवते. सात मिनिटांत संपतं.

गुरुवार, २७ मार्च

भेट झाली नाही.

झालं ते जसंच्या तसं लिहिते. वेळेच्या चाळीस मिनिटं आधी पोचले. मोठ्या लोखंडी दारात एक छोटं दार, मग एक लांब खोली, बाकं आणि शेवटी खिडकी. खिडकीवरचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी पास घेतला, माझ्याकडे बघितलं, मोठ्याने वाचलं, “नाते, बहीण. बरोबर?”

तोंडून निघून गेलं, “नाही. विहीण.”

त्यांना ऐकू आलं नाही. ते म्हणाले, “काय?” इथे मी हो म्हणू शकले असते. पण खिडकीला दोरीने बांधलेलं एक पेन लोंबत होतं, आणि पास समोर होता. एकतीस वर्षांची हाताला सवय. मी ब वर काट मारली, समासात ‘वि’ लिहिलं आणि पास वळवून त्यांच्यापुढे सरकवला. वर म्हटलंसुद्धा, “तुमच्याकडे वाचताना चूक झालीय, आता बरोबर झालं.”

गृहस्थांनी पास उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “बाई, आता हा पास राहिला नाही. सरकारी कागदावर खाडाखोड झाली. शिवाय विहीण आमच्या यादीत बसत नाही.”

“लग्नाचं नातं आहे. यादीत लग्नाची नाती आहेत.”

“आहेत. पण तुमचं त्यांच्याशी लग्न झालेलं नाही.”

मागच्या बाकावरच्या दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. मोजे, साबण, पुस्तक घेऊन परत बसमध्ये बसले.

सूनबाई जिन्यातच बसली होती, वाट बघत. मी सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. कठड्याला धरून उठली आणि म्हणाली, “अहो आई, तुम्हाला माणसापेक्षा बरोबर असणं जास्त आवडतं.”

शुक्रवार, २८ मार्च

काल ती जे बोलली त्यातलं व्याकरण बरोबर आहे. बाकीचंही बरोबर आहे का, हे ठरवता येईना. दिवसभर काही केलं नाही.

सोमवार, ३१ मार्च

न सांगता गेले आणि थेट अधीक्षकबाईंना भेटले. माझ्याच वयाच्या, टेबलावर कागदांची चळत, आणि प्रत्येक कागद हातात घेतला की नीट बघणाऱ्या. माणूस कळतो त्यावरून. मी म्हटलं, मी नातं स्पष्ट विहीण लिहिलं होतं, तुमच्या कार्यालयाने ते बहीण वाचलं, तेव्हा चूक कार्यालयाची आहे आणि तिची शिक्षा मला का?

त्यांनी माझी फाईल मागवली. अर्ज काढून माझ्यापुढे ठेवला आणि बोट ठेवलं.

बहीण.

माझं अक्षर. माझी शाई. व नाही, वेलांटी नाही, पुसट नाही. शाळेच्या फळ्यावर लिहावा तसा स्वच्छ ब. आणि त्याखाली माझी सही.

“हाक आली होती हो आतून,” मी म्हटलं. “घाईत झालं. वेलांटी राहिली की व चा ब होतोच.” पण होत नाही. मला माहीत आहे की तसा तो होत नाही. तिथे माझा हात दुसरंच काहीतरी लिहीत होता आणि मी परत एकदा वाचून न बघता खाली सही केली. पाचवी चूक.

अधीक्षकबाई म्हणाल्या, “दोन मार्ग आहेत. विहीण म्हणून नवा अर्ज द्या. तो ‘इतर’मध्ये जाईल, इतरांची बैठक जूनमध्ये. नाहीतर या कागदावर लिहून द्या की मूळ अर्जातलं नातं खरं आहे. मग दहा एप्रिलची वेळ देते.”

“पण तुम्हाला आता माहीत आहे की मी बहीण नाही.”

“मला एवढंच माहीत आहे की अर्जात एक लिहिलंय आणि पासावर दुसरं. दोन्ही तुमच्याच अक्षरात. कुठलं खरं ते तुम्ही ठरवा.” आणि कागद माझ्या हातात दिला. “घरी नेऊन विचार करा.”

बुधवार, २ एप्रिल

कागद दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पडून आहे. जून म्हणजे बाळ झाल्यावर. सूनबाई त्या कागदाला हात लावत नाही, त्याच्या बाजूने ताट ठेवते. तिने मला एका शब्दाने गळ घातली नाही, त्याचंच ओझं होतंय.

न बघता सही करणं वेगळं आणि बघून खोटी सही करणं वेगळं. दुसरं जास्त वाईट. व्हरांड्यात भर माणसांत मी विहीणबाईंना सुनावलं होतं. आता मी इथे बसून काय करणार आहे?

दुपारी शब्दकोश काढला. ‘बहीण’ या शब्दाला दुसरा अर्थ दिलाय, ‘बहिणीप्रमाणे मानलेली स्त्री’. मी मानते का, हा प्रश्न मला कुणी विचारलेला नाही. अर्थ कोशात आहे. ते पान मीच तपासलं होतं, त्यात चूक नाही.

सही केली. करण्याआधी कागद तीनदा वाचला. सूनबाईला सांगितलं तेव्हा तिने नुसतं माझं ताट वाढलं, पण दोनदा वाढलं.

गुरुवार, १० एप्रिल

खिडकीवर तेच गृहस्थ. पास हातात घेण्याआधी त्यांनी दोरीचं पेन ओढून स्वतःकडे घेतलं. वाचलं, “नाते, बहीण.”

“हो,” मी म्हटलं. मोजे, साबण, पुस्तक त्यांनी तपासलं आणि आधीच आत पाठवून दिलं.

मुलाखतीच्या खोलीत जाळी नव्हती. काच होती आणि तोंडाच्या उंचीवर बारीक भोकं पाडलेली, म्हणजे बोलायला वाकावं लागतं. विहीणबाई दारातून आल्या तेव्हा मी त्यांना चालण्यावरून ओळखलं, बाकी काही ओळखीचं नव्हतं.

“बसा, विहीणबाई,” त्या म्हणाल्या, मी त्यांच्या घरी आले असावे तसं.

मी बसले.

“मला आत येऊन सांगितलं, तुमची बहीण भेट मागतेय. आता मी एकुलती एक. म्हटलं ही कोण उपटली? नाव वाचलं आणि लगेच हो म्हणून टाकलं.”

“माझ्या अर्जाची भाषा...”

“अर्ज कुठे दाखवतात आम्हाला? नुसतं नाव दाखवतात.”

मग मी खाडाखोडीची हकिकत सांगितली. त्या इतक्या हसल्या की कोपऱ्यातली पहारेकरीण वळून बघायला लागली. “पासावर काट मारलीत? आणि दुरुस्ती समासात केलीत?”

“समासातच करतात. मजकुरात कोण करतं?”

“खरंय, खरंय,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. दोन-तीन मिनिटं यातच गेली आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

त्यानंतर मला बोलायचं होतं ते बोलले. “विहीणबाई, मीसुद्धा न बघता सही केली. पोरीने हाक मारली म्हणून. तेव्हा त्या दिवशी व्हरांड्यात मी जे...”

त्यांचं हसू एकदम थांबलं. “तुमच्या सहीने कुणाचा पाय गेला?”

“नाही.”

“मग ते वेगळं. माझ्याशी बरोबरी करू नका. मला बरं वाटावं म्हणून तर मुळीच करू नका.”

त्या म्हणाल्या, आत त्यांना शिवणखात्यात टाकलंय, पायाने चालवायची मशीन आहे. एवढंच म्हणाल्या.

घड्याळात नऊ मिनिटं उरली होती. मी सुरुवात केली, “पहिली गोष्ट म्हणजे बाळाची तब्येत...”

“मुद्दे पाठ करून आलायत ना?”

“आलेय.”

“किती?”

“सात.”

“सातवा सांगा.”

“तिला तुम्ही हव्या आहात.”

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मलाही ती हवीय. रोज हवीय. पण ती इथे येईल, या काचेवर हात ठेवेल आणि म्हणेल, आई, तू काही केलं नाहीस. कोर्टात दोन वर्षं तेच म्हणत होती. वकील तेच म्हणायचा, शेजारपाजार तेच. आत आले तर इथे सगळ्याच जणी म्हणतात, मी काही केलं नाही. मी केलंय. पाच जिने चढायचे होते, ऊन होतं आणि मला कंटाळा आला. एवढंच झालं होतं. घाई नव्हती, कुणी दबाव आणला नव्हता. कंटाळा आला. पोरीला ते सोसत नाही. ती माझ्यासाठी रोज एक नवं कारण शोधते, आणि ती शोधायला लागली की मला वाटतं, त्या बाईंचा पाय कुणाच्या खिजगणतीतच नाही.”

“म्हणून तिला नकार दिलात?”

“म्हणून. आणि तुम्हाला हो म्हटलं ते व्हरांड्यातल्या त्या वाक्यासाठी. एवढ्या माणसांत तुम्ही एकट्या होतात, ज्यांनी तोंडावर सांगितलं.”

“मला वाटलं तुम्ही रागावलात.”

“रागावले तर! अजून राग आहे. पण त्या दिवसानंतर मला धरून उभं राहायला तेवढं एकच वाक्य होतं, विहीणबाई. बाकी सगळी मऊ होती.”

माझ्याकडे सात मुद्दे होते, पण हे त्यातल्या एकातही बसत नव्हतं. घंटेला तीन मिनिटं असताना त्या भोकांशी वाकल्या.

“तिला म्हणावं, ये. पण आधी एकदा स्वतःच्या तोंडाने म्हण, आईने चूक केली. मला ऐकवू नकोस, तुझं तुला ऐकव. ते जमलं की त्याच दिवशी अर्ज टाक, मी हो म्हणते. नाही जमलं तर सुटल्यावर भेटू. आणि मोजे हिरवे आणलेत ते बरं केलंत.”

घंटा झाली. मी काही रडले वगैरे नाही. बाहेर बसथांब्यावर बसल्यावर काय झालं तो भाग वेगळा.

घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. सूनबाई टेबलाशी बाळाचे कपडे घड्या घालत होती. चिरंजीव कामावरून यायचे होते. मी पाणी प्यायले आणि निरोप दिला, त्यांच्याच शब्दांत, एकही इकडचा तिकडे न करता.

ती पेटलीच. “चूक? मालकाने सहा वर्षं ब्रेक बदलला नव्हता! आईवर किती इमारती टाकलेल्या असायच्या, माहितेय तुम्हाला? महिन्याला चाळीस! आणि त्या इमारतीच्या गच्चीला कुलूप असायचं, किल्ली शोधत बसावं लागायचं. आणि त्या आठवड्यात तिचा गुडघा...”

एकेक सांगत गेली. त्यातलं काय खरं आणि काय नाही ते मला सांगता आलं असतं. कुलपाचं खरं नाही, ते कोर्टातच निघालं होतं. माझ्या जिभेवर आलं होतं. मी खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर बसून राहिले. एक लहानसं बाह्यांचं झबलं उचललं आणि घडी घालायला लागले. माझी घडी चुकीची होती बहुतेक, तिने ते हातातून काढून घेतलं आणि परत घातली.

कपडे संपले. बोलायचंही संपलं. ती खिडकीकडे वळली.

“कुलूप नव्हतं, ना?” तिने विचारलं.

“नव्हतं.”

“जिने चढून जायला हवं होतं तिने.”

मी घड्यांची चळत सरळ केली.

“आईने चूक केली,” ती म्हणाली. मला नाही, खिडकीलाच. मग ओठ आवळून पुन्हा एकदा म्हणाली, आणि दुसऱ्या वेळी रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. रडून झाल्यावर तिने नाक पुसलं आणि चार महिन्यांत जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं.

“कशी दिसते?”

छान दिसतात असं म्हणणार होते. म्हटलं नाही. “बारीक झाल्यात. केस कापलेत, कानापर्यंत. पुढचे सगळे पांढरे झालेत. चष्म्याची एक दांडी दोऱ्याने बांधलीय. हसतात मात्र तशाच, सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं. आणि उठून उभ्या राहिल्या की कमरेवर मागे हात ठेवतात, तू हल्ली ठेवतेस तसाच.”

सूनबाई उठलेलीच होती. तिने कमरेवरचा हात पुढे घेतला, त्याच्याकडे बघितलं आणि परत तिथेच ठेवला.

“अर्ज काढा, अहो आई,” ती म्हणाली.